लाल पूड

प्रणितानं दोन वर्षं खपून ती पूड बनवली होती. जांभळ्या दिव्याखाली धरली की ती लालभडक उजळायची. आदिलाबादच्या कॉलेजातले तिचे मार्गदर्शक सुधाकरराव आधी त्या कामाला हसायचे. मग फेब्रुवारीत त्यांनी तिची वही आणि पुडीची बाटली मागून घेतली, आणि एप्रिलच्या विज्ञान प्रदर्शनात दोन्ही आपल्या पुतण्याच्या, हर्षदीपच्या, नावानं लावली.

"सर, हे माहं काम हाये," प्रणिता म्हणाली.

"पुरावा दाखव. आन् तुहे मार्क माह्या हातात हायेत, इसरू नको."

ती रडली नाही. डिसेंबरात जैनथला, गावच्या घरी, सात अंशांच्या गारठ्यात आणि नंतर चुलीजवळ, तिनं हीच पूड तपासली होती. त्या नोंदींचे कागद वहीत नव्हते, घरी होते. ते घेऊन ती प्रदर्शनाला गेली. सोबत दोन थर्मास होते.

पत्र्याच्या मांडवात उकाडा मी म्हणत होता. हैदराबादहून आलेल्या परीक्षक बाई हर्षदीपच्या काळ्या खोक्यात वाकून म्हणाल्या, "एवढी फिकट का?"

"दिवा जुना आहे, मॅडम."

"दिवा चांगला आहे," प्रणिता पुढं झाली. "मी दाखवू?"

माणसं गोळा होईस्तोवर ती थांबली. मग पहिल्या थर्मासातलं उकळतं पाणी ग्लासात ओतून तिनं तो खोक्यात दिव्याखाली ठेवला आणि पुडीची बशी त्यावर ठेवली. लाल उजेड मंदावत गेला आणि विझला.

"काय करून राह्यली तू?" सुधाकरराव ओरडले. "पूड खराब केली!"

"नाही केली, सर. काऊन इझली, ते हर्षदीपले इचारा ना."

हर्षदीप काकांकडं पाहू लागला. काका घाम पुसू लागले. प्रणितानं कुणालाच मदत केली नाही. त्यांची ती फजिती तिला उन्हातल्या गार पाण्यासारखी गोड लागली.

मग तिनं दिव्याखालीच बशी दुसऱ्या थर्मासातल्या बर्फावर ठेवली. हळूहळू लाली परतली, आधीपेक्षाही भडक.

"गरम झालं की पुडीतले कण थरथरतात," ती बाईंना म्हणाली. "उजेड व्हायची शक्ती त्या थरथरीतच जिरते. थंडीत ती वाचते." आणि तिनं तारखांसकट जैनथचे कागद पुढं केले.

बाईंनी ते उभ्यानंच वाचले आणि फलकावरचं हर्षदीपचं नाव पेनानं खोडलं.

मांडवाबाहेर सुधाकररावांनी तिला गाठलं. आवाज खाली आला होता. "झालं ना समाधान? आता इथंच मिटव, पोरी."

"नाही, सर," प्रणिता म्हणाली. "प्राचार्यांकडं तक्रारीचा अर्ज द्यायचा हाये. तुमी बी चला, त्यावर मार्गदर्शकाची सही लागंल."