आधी बोटं, मग कंगवा

मी एक जुना कंगवा आहे. तपकिरी, प्लॅस्टिकचा, मुठीत मावणारा. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला हसू येईल. माझे मधले काही दात पडलेत, काही वाकलेत आणि कडेचा एक तर अर्धाच उरलाय. इतके दात असूनही देवानं मला तोंड मात्र दिलं नाही. ते असतं तर ही गोष्ट मी आज तुम्हाला सांगत बसलो नसतो. ज्या दिवशी सांगायला हवी होती त्याच दिवशी, जिला सांगायला हवी होती तिला सांगितली असती.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात झाला. तिथे साच्यात गरम प्लॅस्टिक जायचं आणि आम्ही भावंडं एका पट्टीला लटकून बाहेर पडायचो. साच्यातून निघालेल्या कंगव्याच्या दाताला एक बारीक कड असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण केसाला बरोबर कळते. ती कड ब्लेडनं खरवडायला बायका बसत. त्यांच्यातच कांताबाई होत्या.

माझा एक दात जन्मतःच आखूड निघाला. कांताबाईंनी मला बाजूला ठेवलं आणि सुट्टी होताना शेठला दाखवलं.

"शेठ, हा तर गेला कामातून. आमच्या पोरीला नेऊ का?"

"ले जाओ कांताबाई. लेकिन उसके लिए अच्छा माल मत तोडना," शेठ म्हणाला आणि सगळ्या बायका हसल्या.

घरी आल्यावर त्यांनी काचपेपरचा तुकडा घेतला आणि माझा एकेक दात घासून गुळगुळीत केला. गाळ्यात त्या कंगव्यामागून कंगवा हातावेगळा करायच्या. त्या दिवशी मात्र भात करपेपर्यंत माझ्यावरच बसल्या होत्या. इतकं कोडकौतुक पुढे आयुष्यात माझं कुणी केलं नाही.

त्यांची लेक मानसी तेव्हा शाळेत होती. तिचे केस दाट आणि कुरळे, हात घातला तर हात अडकावा असे. कांताबाई म्हणायच्या, "केस आहेत का हे? काथ्या आहे नुसता. तुझ्या सासरचे तुला खाट विणायला नेतील." पण हे म्हणताना त्यांची बोटं एकेक गाठ हळूहळू सोडवत असायची. मी तोवर त्यांच्या मांडीवर पडून असायचो. माझी पाळी नंतर यायची.

"मम्मी, कंगव्यानं कर ना पटकन. बस जाईल."

"बस दुसरी येते. केस यायला वर्षं लागतात. आधी बोटं, मग कंगवा."

केस ओले असले तर त्या मला हातही लावत नसत. तेलाचं बोट फिरवायच्या, शेंड्याकडून सुरुवात करून वर वर यायच्या आणि वेणी सैल घालायच्या. झाल्यावर जमिनीवरचा प्रत्येक केस वेचून बोटाला गुंडाळायच्या. त्याची गुंतवळ खिडकीला टांगलेल्या पिशवीत जायची आणि केसांवर सुया-पिना देणारी बाई आली की तिला मिळायची. मानसी चिडवायची, "मम्मी, घरात केस पडला की भांडण होतं, असलं मानतेस तू?" कांताबाई म्हणायच्या, "होतं की नाही ते मला काय माहीत? पण पडलेला केस कुणाच्या घासात जाईल, कुणाच्या पायात जाईल. तो उचलायला काय जातं?"

मित्रांनो, हे शब्द लक्षात ठेवा. मी ठेवले होते. मानसी विसरली.

मानसीचं लग्न झालं. ती भाईंदर पश्चिमेला प्रितमच्या घरी गेली. मी कांताबाईंकडेच राहिलो, त्यांच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांत. मग मानसीला दिवस गेले आणि त्याच पावसाळ्यात कांताबाई आजारी पडल्या. बाळंतपणाला लेकीला माहेरी आणायचं म्हणून त्यांनी गोधडीही शिवायला घेतली होती. ती अर्धीच राहिली. त्या गेल्यावर मानसीनं आईच्या घरातून साडी नेली नाही, भांडं नेलं नाही. खिडकीतून मला उचललं. माझ्या दातांच्या मुळाशी कांताबाईंचा एक पांढरा केस गुंडाळलेला होता. तो तिनं काढला नाही. तो निघेल म्हणून तिनं मला कधी धुतलंही नाही.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. आणि गंमत बघा, याच दिवसांत तिनं मला सगळ्यांत जास्त जपलं.

मुलगी झाली. इशिता नाव ठेवलं. आईविना बाळंतपण म्हणजे काय असतं, ते मी आरशाखालच्या फळीवरून पाहिलं. पाणी सकाळी यायचं आणि बघता बघता जायचं. तेवढ्यात बाळाचं न्हाणं, लंगोट, भांडी. मानसी स्वतः शेवटी घाईघाईत डोक्यावरून पाणी ओतून यायची. टॉवेलनं केस खसाखसा पुसायची आणि तशा निथळत्या ओल्या केसांत मला वरून खाली ओढायची. वर टाळूपासून थेट खाली. मधे गाठ आली की अजून जोरात. आतून रडण्याचा आवाज आलेला असायचा ना.

एकदा माझा एक दात तिच्या केसांतच राहिला. तिला कळलंही नाही. जिथे दात मोडला तिथे धार आली. कांताबाईंनी मांडीवर घेऊन जी कड घालवली होती ती परत आली. मी केसांतून फिरलो की केस कटकट तुटायचे. थांब गं, आधी वाळू दे, आधी बोटं घाल, असं मला शंभरदा म्हणावंसं वाटलं. माझ्या हातात काय होतं? मीच तिच्या हातात होतो.

त्यात तिचे केस गळतही होते. सासूबाई विमलाबाई मायाळू होत्या, पण जीभ तिखट. एके दिवशी ताटातून लांबच लांब केस ओढत म्हणाल्या, "मानसी, आमटीत फोडणी घाल म्हटलं होतं, शेवया नाही." मानसी कसनुसं हसली. दुसऱ्या दिवसापासून ओले केसच करकचून आवळून अंबाडा बांधू लागली. कपाळाजवळचे केस ताणून ताणून विरळ झाले. आरशासमोर ती बोटानं ती जागा चाचपायची आणि मला हातात घेऊन म्हणायची, "मम्मी असती तर बघत बसली असती का?"

हातात तिनं मम्मीचा कंगवा धरला होता. मम्मीचे हात मात्र तिला आठवत नव्हते.

ती दुपार मला विसरता येत नाही. मानसी पलंगापाशी उभी राहून ओले केस विंचरत होती. पलंगावर बाळाचे धुतलेले कपडे पडले होते. केस तुटून त्यांच्यावर पडत होते. त्यातला एक लांब, ओला केस एका उलट्या मोज्यावर पडलेला मी पाहिला. मानसीनं मला तिथेच टाकलं, मोजा सुलटा केला आणि इशिताच्या पायात घातला. केस आत गेला.

बाहेर घाम फुटेल असा उकाडा होता. पण "बाळाचे पाय उघडे नकोत" हा विमलाबाईंचा नियम होता.

थोड्या वेळानं इशिता रडू लागली. आधी किरकिर, मग टाहो. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आवळतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? विमलाबाईंनी पोटावर हिंग चोळला. शेजारच्या हंसाबेन धावत आल्या. "गॅस हुआ है इसको. उलटा सुला दे, मानसी." उलटं निजवलं. रडणं वाढलं. मग विमलाबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन दृष्ट काढली. तव्यावर मिरच्या जळल्या तरी ठसका उठला नाही. "बघा, केवढी नजर लागलीय पोरीला," त्या म्हणाल्या. खरं म्हणजे मिरच्या जुन्या होत्या. मी बाळापासून हातभर अंतरावर पडलो होतो. मोज्याकडे बघा, एवढे दोन शब्द मला म्हणायचे होते. माझे सगळे दात नुसते छताकडे बघत राहिले.

शेवटी मानसी रडू लागली. "आई, मला काही ठीक वाटत नाहीये. डॉक्टरकडे जाऊया." पलंगावरचं हाताला लागेल ते तिनं पिशवीत कोंबलं. त्यात मीही गेलो.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला टेबलावर ठेवलं आणि पहिलं वाक्य म्हटलं, "मोजे काढा आधी."

पिशवीच्या तोंडातून मी पाहिलं. इवल्याशा पायाचं मधलं बोट टोमॅटोसारखं लाल झालं होतं आणि त्याच्या मुळाशी काळी रेघ रुतली होती. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, बारीक पातं घेतलं. खोलीत फक्त इशिताचं रडणं होतं. मग तेही थांबलं. एक हुंदका देऊन ती आईकडे बघायला लागली.

"वेळेवर आणलंत. बोट वाचलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केस होता. तुमचाच."

"माझा?" मानसीनं विचारलं आणि तिचा हात अंबाड्याकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं. मग तिच्या कपाळाकडे पाहिलं. "बाळंतपणानंतर केस गळतात. ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं, घाबरू नका. पण इथे तर केस मधूनच तुटलेत. ओले विंचरता का? घट्ट बांधता? गळणं तुमच्या हातात नाही. तुटणं आहे."

घरी आल्यावर मानसीनं अंबाडा सोडला. "आई, कात्री द्या. कापूनच टाकते सगळे."

विमलाबाईंनी कात्री दिली नाही. त्यांनी मोज्यांचे सगळे जोड गोळा केले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले. मग म्हणाल्या, "केसांवर कशाला राग काढतेस? मोज्यांचा हट्ट माझाच होता." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझी आई गं? ती कशी विंचरायची तुला?"

मानसीनं सुटलेली एक बट हातात घेतली. मग तिला ते शब्द आठवले.

"आधी बोटं, मग कंगवा."

"मग तसंच कर. बाळाला मी धरते. पूर्ण वाळेपर्यंत गॅलरीत बस आणि घड्याळाकडे बघू नकोस. आजपासून रोज."

मित्रांनो, केस बिघडायला जितके महिने लागतात, त्याहून जास्त महिने ते सुधारायला लागतात. मानसी टॉवेलऐवजी जुन्या सुती पंच्यानं केस टिपू लागली. गॅलरीत बसून वाळवू लागली. प्रितमनं मोठ्या उत्साहानं नवा कंगवा आणला. तो निघाला कुत्र्याचे केस विंचरायचा. हंसाबेन हसून हसून खाली बसल्या. मग त्यानं रुंद दातांचा दुसरा आणला. तो माझ्या जागी आला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. पडलेल्या केसांची गुंतवळ करून मानसी कागदात गुंडाळू लागली. फटीतून मला सगळं दिसायचं. वाईट वाटलं का, म्हणाल तर वाटलं. पण काही महिन्यांनी तिच्या कपाळावर शेवाळासारखी लव उगवली. मग ती बोटभर झाली आणि टोकाशी वळू लागली. कुरळी. कांताबाई म्हणायच्या तसा काथ्या. त्या दिवशी ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या मला माझ्या मोडक्या दातांचंही काही वाटलं नाही.

बाळंतपणाची वाढवून घेतलेली सुट्टी संपली. मानसी ऑफिसला जाऊ लागली. एका सकाळी पाणी उशिरा आलं. विमलाबाई मुर्धा गावी नातेवाइकांकडे गेल्या होत्या, प्रितम आधीच निघाला होता. पाळणाघरात सोडायची इशिता जमिनीवर रांगत होती. नवा कंगवा सापडेना. मानसीनं ड्रॉवर उघडला. तिच्या केसांतून पाणी टपकत होतं.

नको, मी मनात म्हटलं. आज तरी नको.

तिनं मला टाळूवर ठेवलं आणि ओढलं. कट् असा आवाज आला. मग मी एका गाठीत असा अडकलो की पुढेही जाईना, मागेही येईना. तिनं हात सोडला तरी मी केसांतच लटकत राहिलो. माझ्याइतकं असहाय त्या वेळी जगात कुणी नसेल.

इशिता रांगत आली. जमिनीवर पडलेल्या तुटक्या केसाकडे तिनं हात नेला. मानसीनं झडप घालून तो उचलला आणि बोटाला गुंडाळला. मग ती तिथेच जमिनीवर बसली.

"बस दुसरी येईल," ती बाळाला म्हणाली.

आणि तिची बोटं वर आली. माझ्या भोवतीची गाठ ती शेंड्याकडून सोडवू लागली, एकेक केस वेगळा करत. ती बोटं मी ओळखली. त्याच हातांनी मला कधीकाळी काचपेपरनं घासलं होतं, असं क्षणभर मला वाटलं. एकही केस न तोडता मी बाहेर आलो.

तिनं मला धुतलं. पहिल्यांदाच. तो पांढरा केस अलगद सोडवला आणि आईच्या फोटोमागे ठेवला. मला मात्र टाकवलं नाही तिच्यानं. मी परत ड्रॉवरमध्ये आलो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझ्यासारखा मोडक्या दातांचा कंगवा तुमच्या घरी असेल, तर तो खुशाल टाकून द्या. आम्हाला राग येत नाही. जपायचे ते केस, आणि ते ज्यांनी विंचरले ते हात. तुमची आई कधी घाईघाईत ओल्या केसांत कंगवा ओढताना दिसली, तर तिला थांबवा. मला थांबवता येत नाही, तुम्हाला येतं. आणि नुसतं थांबवू नका. तिचे केस वाळेपर्यंत बाळाला धरा.

अजूनही सकाळी ड्रॉवर उघडला की उजेड माझ्या मोडक्या दातांवर पडतो. आज घरात बाळाला धरायला कुणी आहे ना, हे आधी मी ऐकून घेतो.