तंगाचा टाका

फूलसिंगाने जलालच्या दुकानात खोगीर असं आदळलं, की पायरीवरचं कुत्रं उठून पळालं.

"पोराच्या लग्नात लागते. दुसरा खोगीरवाला नाही म्हणून आलो. सरळ करून दे. अन् तुह्या बापासारखं कोणाले मारू नको!"

जलालने दात आवळले. गेली नऊ वर्षं आर्णीच्या बाजारात बंजारा तांड्याचा माणूस भेटला, की हेच ऐकायचं. फूलसिंगाचा बाप भावसिंग नाईक घोड्यावरून पडून मेला, पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, तंग, तुटला म्हणून. आणि खोगीर शिवलेलं जलालच्या बापाने, मुख्तारने. भावसिंगाची बायको बिजलीबाई तर दर बाजारी दुकानासमोर उभी राहून बोटं मोडायची. महाराष्ट्र झाला त्या साली मुख्तार तो कलंक घेऊनच गेला. बापाचं नाव धुऊन काढायचं, एवढी एकच आग जलालच्या पोटात होती.

खोगीर पाहून मात्र त्याचं डोकंच फिरलं. बियाण्याची कणसं टांगावीत तसं कोण्या शहाण्याने ते वर्षानुवर्षं चुलीवर टांगलं होतं! कातडं धुराने पापडासारखं वाकडं झालेलं. त्याने ओली फडकी गुंडाळली. दोन दिवसांनी कातडं जरा ऐकू लागलं, तेव्हा लाकडी साच्यावर चढवून, आत पेंढा ठासून, दोऱ्यांनी आवळून सावलीत ठेवलं. माणूस दुश्मन असला तरी काम ते काम.

मग त्याने तंगाची चिकटलेली घडी उलगडली. तुटक्या टोकाला लाल-पिवळा सुती दोरा लोंबत होता. बापाचा मेण लावलेला जाड दोरा नव्हेच. तांड्यातल्या बाया झोळीवर घालतात तो टाका. फाटलेला तंग घरीच शिवला होता, आणि नाईकाच्या घरात सुई कोणाच्या हातात असणार? जलाल एकटाच मोठ्याने हसला.

बाजाराच्या दिवशी त्याने तो तंग दारावरच्या खिळ्याला टांगला, टाका समोर करून. फूलसिंग आला, पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"काढ ते."

"नाही काढत. नऊ वर्षं थुंकले आमच्या दारात. आता पाहू दे साऱ्यायले!"

फूलसिंगाने त्याची गचांडी धरली. गर्दी जमली. तांड्यातल्या बायांनी टाका ओळखला आणि एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात बिजलीबाई आली.

"याडी, तू घरी जाय," फूलसिंग आईवर ओरडला. ती हलली नाही. आता ही शिव्या देणार, म्हणून जलालने आपल्याही तयार ठेवल्या होत्या.

"माहाच टाका हाय," ती म्हणाली. "मयतीच्या दिवशी तुह्या बापानं हा तंग हातात घेतला. पाह्यला, घडी घातली, ठेवून देला. तांडा मले जगू देणार नाही, हे त्याले समजत होतं. मंग मी शिव्या देत गेली, अन् तो ऐकत गेला."

जलालचे कान शरमेने तापले. बापाने मरेपर्यंत झाकलेली गोष्ट त्याने भर बाजारात टांगली होती. त्याने घाईघाईने खिळ्याकडे हात नेला.

बिजलीबाईने तो हात धरला.

"आता कायले काढतं? साऱ्यायनं पाह्यलं."