आकड्यापुढची रिकामी जागा

ठिपक्याठिपक्यांचा तो आठ, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर, ‘चुना’ या शब्दापुढे एकटाच... ना गोणी, ना किलो. हरिचंद्र सकाळपासून त्याच्यावर नजर ठेवून होता. नजर काढली की तो उठून साहेबांच्या केबिनमध्ये चहाडी करायला जाईल, असं काहीतरी.

“काका, एवढं एकच पान,” कॉम्प्युटरवाली अंजना म्हणाली. “प्रत्येक मालापुढे माप लिहा, मी प्रोग्राममध्ये घालते. उद्या चौकशीला साहेबांना हीच यादी हवीय.”

चौकशी जनूची. मोरिवलीचा जनू, कारखान्याच्या स्टोअरमधला हरिचंद्रचा नऊ वर्षांपासूनचा जोडीदार.

दीड वर्षापूर्वी हीच मुलगी विचारत होती, मापाचा रकाना कुठे टाकू? तो हसला होता. आकडा छाप पोरी, माप माझ्या डोक्यात आहे. होतंच की! ॲसिड लिटरमध्ये, रंग किलोत; चुना बंद असेल तर गोणीत, गोण फोडली की किलोत... हे लिहायचं कशाला, बावीस वर्षं माणसं दाराशी येऊन “हरिभाऊ, हे किती?” विचारत होती, साहेबसुद्धा, आणि खरं सांगायचं तर ते विचारणं त्याला पगारापेक्षा गोड लागायचं. कॉम्प्युटर आला तेव्हा वाटलं होतं, आता कोण विचारायला येणार. ती रिकामी जागा त्यानेच राखली होती, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी.

मग हरिचंद्रची बुद्धपौर्णिमेची रजा. नेमकी त्याच दिवशी ॲसिडची टाकी गळली. सांडलेलं ॲसिड मारायला वर टाकायचा चुना किती आहे, कुणीतरी ओरडलं. जनूने कागद पाहिला. “आठ गोनी हायेत, पुरंल!” त्या भरवशावर टाकीवरचा कामगार भगवान गळतीच्या जागी आत उतरला — आणि गोदामात तोंड फाटलेली एकच गोण. तो आठ किलोचा होता. भगवानचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पोळले. निष्काळजीपणाची नोटीस जनूला.

किलो लिहिलं तर साहेब विचारणार, मग आधी का नव्हतं लिहिलं? गोणी लिहिलं तर... तर उरलेल्या सात गोण्या कुठे गेल्या, ते जनूने सांगायचं. निष्काळजीचा चोर होईल तो. आणि हे मला सुचलं, याचीच त्याला शिसारी आली. मी, ज्याने कधी कुणाचा खिळा उचलला नाही...

दारात सावली पडली. जनू. गणवेश नव्हता अंगावर, घरचा सदरा.

“दादा, मना एक सांग. त्या आठाचा मी काय समजाचा व्हता?”

रागाने नाही, नेहमी विचारायचा तसंच.

बावीस वर्षांत पहिल्यांदा हरिचंद्रला वाटलं, मला कुणी काही विचारू नका रे. पेन्सिलीचं टोक त्या मोकळ्या जागेवर टेकलं होतं. माप डोक्यात होतं, अगदी स्वच्छ. आणि ते माहीत असलेला माणूस स्टोअरमध्ये आज आपण एकटेच आहोत, याची त्याला भीती वाटू लागली.