पेत्रस नावाचे पाहुणे

रविवारी दुपारी, चर्चमधून येऊन अजून बूटही काढले नव्हते, तेवढ्यात पेत्रस रणनवरेच्या घरी त्याच्याच नावाची माणसं जेवायला आली. ना निरोप, ना फोन. दारात आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून दाराशी उभं राहून त्यानं सगळ्यांना आत घेतलं.

पहिला फ्रान्सचा पिएर. तो सतरंजीवर बसला तशी पेत्रसची पावलं दगडाची झाली. मग रशियाचा प्योत्र आला, गुडघे गेले. इटलीचा पिएत्रो आणि स्पेनचा पेद्रो जोडीनं आले आणि कंबर घेऊन बसले. दिसायला सगळे पेत्रसच. एकाच पिठाच्या भाकरी, एखादी जरा जास्त भाजलेली, एवढाच फरक.

शेवटी ग्रीसचा पेत्रोस आला आणि सरळ पेत्रसच्या खुर्चीत बसला.

"ती माझी जागा आहे," पेत्रस म्हणाला.

"नावसुद्धा माझंच आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ दगड. तुमच्या आजोबांना शुभवर्तमानात सापडलं, आवडलं, ठेवलं. वापरलंत, छान झालं."

पेत्रसला धडकी भरली. दगड होण्याचं एवढं काही नव्हतं. आत त्याची बायको कुंदा रस्सा ढवळत होती, आणि या गर्दीत तिनं आपल्याला ओळखलंच नाही तर? लग्नात उखाणा घेताना तिनं त्याचं नाव उच्चारलं होतं, तेवढंच. पुढं जन्मभर नुसतं "अहो".

"अहो," कुंदानं आतून हाक मारली.

"ओ," सगळे म्हणाले.

"कुंदा, नावानं हाक मार!" पेत्रस ओरडला. छाती जड झाली होती. "माझ्या नावानं!"

"इश्श! पाहुण्यांसमोर?"

पण आवाजातलं काहीतरी तिला लागलं असावं. पळीत रस्सा घेऊन ती बाहेर आली, पदर सावरला आणि लाजत म्हणाली, "पेत्रस."

सगळ्यांनी माना वर केल्या. पेत्रसची मान तेवढी वळेना, आणि ओठही हलेनात.

कुंदा एकेकाकडे पाहत राहिली. मग तिनं पळी पुढं केली. पेत्रसला हायसं वाटलं. मीठ बघायला ती रोज त्याच्यापुढं पळी धरायची आणि मीठ मुद्दाम कमी घालायची. "चिमूटभर हवं" असं तो म्हणाला की तिचा जीव भांड्यात पडायचा. हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

खुर्चीतल्यानं रस्सा चाखला.

"चिमूटभर हवं," तो म्हणाला.

"अगंबाई, केवढं घाबरवलंत मला!" कुंदा हसली. ती आत गेली आणि उकळतं पातेलं फडक्यात धरून बाहेर आली. ठेवायला जागा दिसेना. दाराशी एक काळा दगड होता, तिच्या छातीइतका उंच, माथ्यावर सपाट. त्यावर तिनं पातेलं टेकवलं. पेत्रसला चटका बसला.

"अहो," तिनं खुर्चीकडं वळून विचारलं, "हा दगड घरात कुणी आणला?"