हितेंद्र सरांचा शब्द

उन्हाळ्याच्या जादा तासाला हितेंद्र सर फळ्यावर मधोमध रेघ मारायचे. डावीकडे कादंबरी, उजवीकडे सिनेमा. कादंबरीतली सासुरवाशीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, मारकुट्या नवऱ्याकडे परत जाणार नाही म्हणते, आणि तिचा भाऊ न्यायला आलेल्यांसमोर दारात उभा राहतो. सिनेमात तोच भाऊ समजूत घालून तिला गाडीत बसवतो, वर एक गाणंही वाजतं. इथे सर भडकायचे. सिनेमावाल्यांनी गल्ल्यासाठी पोरीला विकलं म्हणायचे. लिहिणाऱ्याची छाती यांच्यात कुठून येणार?

भडगावच्या त्या वर्गात डिंपल हे जिवाचा कान करून ऐकायची. तिची सपनाअक्काही यंदा धुळ्याहून आखाजीला आली होती, ती पाठीवर वळ घेऊन. झोके झाले, सांजोऱ्या संपल्या, आता नवरा न्यायला येणार होता. अक्काला जायचं नव्हतं. वडील, निंबाआबा, घरातल्या बायांचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. मात्र सरांना विचारल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे, मग ते बारसं असो की बांधाचं भांडण. म्हणून डिंपलने सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. सर गहिवरले, येतो म्हणाले. आता काळजी सोड, असं पोरीने अक्काला सांगूनही टाकलं.

सर आले तेव्हा ओसरीवर जावई होता आणि सोबत त्याचे काका, सरांच्याच शाळेच्या संचालक मंडळावरचे. काकांना पाहताच सरांनी वाकून नमस्कार केला.

आबांनी हात जोडले. “सर, बठ्ठं गाव तुमनं आयकस. पोरले धाडू का नको, तुम्हीच सांगा. तुमना शब्द मी मोडाव नही.”

अक्का दाराआड उभी होती. सरांनी बशीतला चहा फुंकून प्यायला.

“भांड्याला भांडं लागतंच, निंबाभाऊ. पोर आपल्या घरीच शोभते.”

आईने तोंड उघडलं, तर आबांनी तिला हातानेच गप्प केलं. खरं तर अक्काची पाठ पाहिल्यापासून आबा आतून डळमळले होते, अजून दोन दिवस रडलं-भांडलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. आता ती आशा उरली नाही. सरांना घरात आणलं कोणी, तर डिंपलनेच. तिला स्वतःचा आणि सरांचा सारखाच संताप आला.

सर चपला घालत होते, तेव्हा ती आडवी गेली. “सर, कादंबरीतला भाऊ दारात उभा राहतो. तुम्हीच शिकवलं.”

सरांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. “परीक्षेत तसंच लिही, बेटा. मार्क मिळतील.”

अक्का पिशवी घेऊन बाहेर आली. गाडीत बसेपर्यंत तिने ना सरांकडे पाहिलं, ना आबांकडे. ती डिंपलकडेच पाहत होती.