शुक्रवारचा निरोप

जेरुशाने मक्याची भाकरी तव्यावरून काढून फडक्यात गुंडाळली, तेव्हा गाडी अंगणात येऊन थांबलेली होती. ती बाहेर गेली नाही. खिडकीतून तिने पाहिले, तिचा थोरला मुलगा एलीहू उतरला, घोड्याचा लगाम कुंपणाला अडकवला, आणि मग सुनेच्या हातातून पोरीला घेतले. पोर खोकत होती.

मुलगा डोक्यावरच्या टोपीसकट आत आला.

"टोपी काढ," जेरुशा म्हणाली. "गाडी नाही ही, घर आहे."

एलीहू हसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली आणि चुलीजवळच्या बाकावर बसला. डोक्यावरचे केस विरळ झाले होते. बूट एका बाजूने उसवलेले. लोव्हिना दाराशीच उभी राहिली, मांडीइतक्या उंचीची टिर्झा तिच्या झग्याला धरून.

"बस गं पोरी. उभ्याने काय निरोप सांगणार आहेस?"

"आम्हाला फार थांबता नाही येणार, आई," लोव्हिना म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहिले.

"सहाच्या आत खालच्या गावात पोचायला हवं," एलीहू म्हणाला. "सहाला शब्बाथ लागतो, देवाचा विसाव्याचा दिवस. त्यानंतर गाडी हाकायची नाही."

"मग बोल, काय ते."

त्याने सांगितले. हिवाळाभर व्हरमाँटच्या डोंगरांतून उपदेश करत फिरायचे होते. मंडळ्या विखुरलेल्या होत्या, कुठे दोन घरे, कुठे एक म्हातारी. पोरीची छाती थंडी सोसणार नव्हती. मागच्या महिन्यात गाडीतच ती तापाने फणफणली होती. वसंतापर्यंत आजीने तिला ठेवून घ्यावे.

जेरुशाने भाकरीचे तुकडे केले आणि मेपलच्या पाकाचे भांडे पुढे सरकवले.

"आणि आई, तुला एक आनंदाची गोष्ट सांगायची होती." एलीहू पुढे झुकला. लहानपणी मासा पकडून आणला की तो असाच झुकायचा. "आम्ही पुन्हा बायबलमधलं सगळं वचन शोधून पाहिलं. एकत्र बसून, उपास करून. दार उघडं आहे. ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही त्यांच्यासाठीही. नवा प्रकाश मिळालाय."

जेरुशाचा हात भाकरीवर थांबला.

दार कुठले, ते तिला विचारावे लागले नाही. ज्या ऑक्टोबरात प्रभू येणार म्हणून एलीहूने बटाटे जमिनीतच सोडले, तो ऑक्टोबर तसाच सरला, कोणी आले नाही. अख्खे गाव हसले. धाकटा सायलस तर सगळ्यांत मोठ्याने हसला, कुदळ घेऊन तो भावाच्या वाफ्यात शिरला आणि म्हणाला, "प्रभू येईपर्यंत निदान बटाटे तरी काढून ठेवू." त्यानंतर एलीहू आणि त्याच्यासारखे लोक सांगू लागले की दिवस चुकला नव्हता, त्या दिवशी स्वर्गात दयेचे दार लागले होते. ज्यांनी टवाळी केली ते बाहेर राहिले. आता त्यांच्यासाठी गुडघे टेकून काही उपयोग नव्हता.

पुढच्याच हिवाळ्यात सायलसला फुप्फुसाचा ताप आला. चौथ्या दिवशी हसू पार मावळले आणि त्याने भावाला बोलावून घेतले. "माझ्यासाठी प्रार्थना कर, एलीहू," एवढेच तो म्हणाला. एलीहू उशाशी बसला, त्याचे ओठ पुसले, पाणी पाजले, रडलाही. पण प्रार्थना केली नाही. आईने दंडाला धरून हलवले तेव्हा म्हणाला, "दार मी लावलेलं नाही, आई. मी खोटं कसं मागू?"

"कधी उघडलं?" जेरुशाने आता विचारले.

"काय?"

"दार."

"तसं नाही, आई. ते… आम्हालाच नीट उमगलं नव्हतं."

"म्हणजे उघडंच होतं."

एलीहूने टोपीची कड बोटांनी चाचपली. लोव्हिनाने पोरीला उचलून घेतले.

"बरं," जेरुशा म्हणाली. "मग जा टेकडीवर, सायलसच्या कबरीपाशी. कुंपण मोडलंय, आत जायला वाट आहे. तुझ्या भावाची राहिलेली प्रार्थना करून ये."

"आई." त्याचा आवाज खाली आला. "मेलेले झोपलेले असतात. प्रभू उठवेपर्यंत त्यांना काही कळत नाही. त्यांच्यासाठी मागणं वचनात नाही."

"जिवंत होता तेव्हा दार बंद. दार उघडलं तर तो झोपलेला." तिने पाकाच्या भांड्यावर झाकण ठेवले. "चांगला सापडला बिचारा तुमच्या तावडीत."

घोड्याने अंगणात पाय आपटला. एलीहूने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मग, पाहिले हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून, खिडकीकडे.

"ठेवा पोरीला," जेरुशा म्हणाली. "तिने काय कुणाचं केलंय?"

लोव्हिनाने सासूचा हात घट्ट धरला. गाठोडे सोडून पोरीचे लोकरीचे मोजे, कांद्याच्या रसाची बाटली, एकेक काढून टेबलावर मांडत गेली.

"निघायच्या आधी आपण देवापुढे जाऊ," एलीहू म्हणाला. त्याने बाकाशी गुडघे टेकले, शेजारी लोव्हिना. "तू कर, आई. प्रार्थना मी तुझ्याच तोंडून शिकलो."

ती दोघे डोळे मिटून थांबली. चुलीत लाकूड फुटले. जेरुशा टेबलाला टेकून उभीच होती.

"आई?"

"उठा. घोडा ताटकळलाय."

एलीहूने डोळे उघडले. "तू प्रार्थना करतेस ना अजून?"

"तूच सांगितलं होतंस, बाहेर राहिलेल्यांचं तिकडे कोणी ऐकत नाही."

"ते तुझ्याबद्दल नव्हतं, आई. तू कधी टवाळी केली नव्हतीस."

"सायलसला बाहेर सोडून मी एकटी आत बसणार होते?" ती म्हणाली. "तू उपदेशक. तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवला."

एलीहू उठला. गुडघ्यांवरची राख झटकली नाही. पोरीकडे पाहिले, मग आईकडे. जिच्या तोंडी देवाचे नाव उरले नव्हते तिच्याकडे पोर सोडून जायची का, हे त्याच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होते. लोव्हिनाही तेच वाचत होती.

घड्याळाचा काटा चारच्या पुढे गेला होता.

"चल, लोव्हिना," तो म्हणाला. "सूर्य कललाय."

लोव्हिना गाडीत बसेपर्यंत मागे वळून पाहत होती. चाके उताराला लागली तशी टिर्झा थोडी रडली, मग खोकली, मग खोकता खोकता थांबली. जेरुशाने तिला शालीत गुंडाळून मांडीवर घेतले, छातीला गरम चरबी चोळली. अंधार पडायच्या आत तिने दुधात भाकरी कुस्करली आणि वाडगे पोरीपुढे ठेवले.

पोर खाईना. भुकेने नजर वाडग्यावर खिळलेली, पण दोन्ही हात हनुवटीखाली घट्ट जोडलेले. ती वाट पाहत होती. घरोघरी, गाडीत, परक्यांच्या टेबलांवर, कोणीतरी आधी देवाशी बोलायचे आणि मग खायचे, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

"खा गं," जेरुशा म्हणाली.

टिर्झाने नाही म्हणून मान हलवली आणि आजीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

जेरुशा समोरच्या खुर्चीवर बसली. ओठ ओले केले. दुधावर साय धरू लागली.

मग तिने पोरीची बोटे एकेक करून हळूच सोडवली आणि उजव्या हातात चमचा दिला.