हरायला बसलेला माणूस

पोकरसाठी दयानंदनं चाळीस हजार रुपये बाजूला काढले होते आणि ते तो डोळ्यांत तेल घालून जपत होता. एका रविवारी खिशात दोनच हजार न्यायचे, गेले तर मुकाट उठायचं. चांगले पत्ते आले तरच पैसे लावायचे. आणि कच्च्या गड्यांपुढं हलक्या पत्त्यांवर मोठे पैसे लावून थाप मारायची नाही, कारण त्यांना थाप कळतच नाही, मग ते भिणार कशाला? थेंबे थेंबे तळे साचे. लातूरहून येऊन भूगावात भाड्यानं राहणारा, कंपनीत आकडे तपासणारा हा गृहस्थ जुगारातही नोकरीच करायचा.

माले गावात कोंडाजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचा डाव बसायचा. रस्त्याकडेचं रान विकून कोंडाजींच्या हातात पैसा खुळखुळत होता, आणि पोकर त्यांना काडीचं कळत नव्हतं. समोरच्यानं कितीही लावू दे, "बघू की, काय हाय ते," म्हणत हे तेवढेच टाकायचे. दुसऱ्याचे पत्ते बघायला मिळावेत एवढ्यासाठी हजार रुपये घालवायचे आणि हरले की खदखदून हसायचे. दयानंदला ते एकदाही हरवू शकले नाहीत. "फुडच्या बारीला धरतोच तुमाला," म्हणायचे.

जानेवारीत ते झोपेतच गेले. दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. मुलानं आईला सांभाळीन म्हटलं, पुतण्यानं बांधाचं भांडण मिटवतो म्हटलं. ऊन चढत चाललं. तेव्हा दयानंद पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "आबा, तुमची खुर्ची मोडणार नाही. तुम्ही जिंकेपर्यंत मी खेळेन."

कावळा खाली आला. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. दयानंदच्या मनात काय होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. सगळ्यात कच्च्या गड्याची जागा रिकामी पडू नये, तिथं निदान मुलगा तरी येऊन बसावा, एवढाच त्याचा मतलब होता.

मुलगा नाही बसला. कोंडाजींच्या बायको गोजराबाई बसल्या. नवऱ्याच्या नावचे दोन हजार पुढ्यात ठेवायच्या, त्याच्या वाटचे दोन पत्ते शेवटी उघडेपर्यंत पालथेच राहू द्यायच्या, आणि कुणी पैसे लावले की तेवढेच सरकवायच्या. "त्ये असंच खेळायचं," एवढंच बोलायच्या. दयानंद जिंकत गेला. गणपतीपर्यंत चाळीसाचे नव्वद हजार झाले. सुरुवातीला तो खूश होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग केव्हातरी लिफ्टमध्ये, दात घासताना, ऑफिसात भरदुपारी मानेमागं कुणीतरी हळूच म्हणू लागलं, बघू की, काय हाय ते. मागं वळावं तर कुणी नाही. दयानंदला अन्न गोड लागेना. लातूरला नवी नोकरी मिळाली, बायकोनं, उषानं, तिथं बिऱ्हाडही लावलं, तरी त्याचा पाय निघेना. "दिलेला शब्द फेड आणि मग ये," उषा फोनवर म्हणाली. "ते जे मागं लागलंय, ते घरात घेऊन येऊ नकोस."

शब्द फेडायचा म्हणजे हरायचं. त्याला काय अक्कल लागते? त्यानं पत्ते न बघताच दोन्ही हजार पुढं ढकलले. जिंकला. पुढच्या रविवारी तसंच केलं, तेव्हाही जिंकला. तिसऱ्या खेपेला दुरी आणि सत्ती घेऊन जिंकला, तेव्हा बाकीचे गळाल्यावर उरलेला एकच गडी, कैलास, पाणी पिऊन येतो म्हणून उठला तो परत आलाच नाही.

शेवटच्या रविवारी शेडमध्ये दोघंच होते. दयानंदच्या हातात दोन राजे, मधल्या पाच सामायिक उघड्या पत्त्यांत तिसरा. निम्मे पैसे लावून झाले होते. त्यानं हातातले पत्ते पालथे टाकले. "मी पॅक. जिंकले आबा." सुटलो, असं त्याला पोटातून वाटलं.

गोजराबाईंनी पैशांना हात लावला नाही. त्यांनी त्याचे पत्ते उलटे केले, मग नवऱ्याचे. तिथं एक छक्की आणि एक चव्वी होती.

"आठ म्हैनं बघतीय," त्या म्हणाल्या. "मला कळतंय आता."

"मावशी, मला जाऊ द्या."

"मी कुटं धरलंय तुमाला?" त्या राजांकडं बघत राहिल्या. "रान घेणारा त्यांच्याशी गोड बोलला अन् फसवून गेला. भाऊ बी तसंच. ह्ये घरी येऊन म्हणायचं, त्यो दयानंद येकटा खरं खेळतो, माझी गय करीत न्हाई. लई जीव व्हता तुमच्यावर. आन आता मेल्यावर तुमी बी?"

दयानंदची मान खाली गेली. नदीकाठचा तो शब्दही मतलबाचाच होता, हे आता तरी सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. पण तो पुढ्यातल्या नोटाच सरळ करत राहिला.

बाईंनी सगळे पत्ते गोळा केले आणि कॅट त्याच्यापुढं ठेवला. "वाटा," त्या म्हणाल्या.

लातूरची बस पाचची होती. दयानंद पत्ते पिसू लागला.